नेहमीचा सूर

शेजारच्या मावशींना इस्रायलला मुलीकडे कायमचं जायचं होतं, आणि त्याआधी हिब्रू बोलायला शिकायचं होतं. मोबाईलवरचं अ‍ॅप इंग्रजीतून हिब्रू शिकवायचं, आणि मावशींचं शिक्षण मराठी शाळेतलं. म्हणून त्यांनी माझी बेल वाजवली. "तू कॉन्व्हेंटची ना? मग चल."

आई-बाबा निवृत्त होऊन गावी गेल्यापासून नेरूळच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते आणि घरूनच काम करते. कधीकधी दिवसभरात माझा आवाज फक्त मीटिंगमध्ये निघतो, तोही 'यस, शुअर' इतकाच. मावशी मात्र आतलं दार सताड उघडं ठेवून फक्त सेफ्टी डोअर लावायच्या. येता-जाता दिसायच्या. चौकटीवर त्यांची मेझुझा होती, ज्यू घरांच्या दाराला असते ती प्रार्थनेची बारीक डबी. बाहेर पडताना तिला बोटं लावून त्या तीच बोटं ओठांना टेकवत.

मी संध्याकाळी जायला लागले. अ‍ॅप एक इंग्रजी क्रियाविशेषण द्यायचं. त्याचं वाक्य करायचं, मग तेच हिब्रूत मोठ्याने म्हणायचं. इंग्रजी माझ्याकडे, हिब्रू त्यांच्याकडे, आणि मधे आमची मराठी. माझी जरा अडखळत.

एक दिवस 'ऑलवेज' आलं. उत्तर दिसायच्या आत मावशी म्हणाल्या, "तामीद! सिनेगॉगमधला दिवा गो. नेर तामीद. कधी विझत नाही तो."

"करा मग वाक्य."

"मी नेहमी बाजारातून मासे घेते."

मी इंग्रजी केलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं, "अनी तामीद कोना दागीम बा-शूक." पण म्हटलं ते प्रार्थनेच्या सुरात, शेवटचा स्वर लांबवत. लहानपणापासून हिब्रू त्यांनी तशीच ऐकलेली. अ‍ॅपला काही कळेना. लाल फुली.

"मावशी, गाऊ नका. बोला."

"मी गाते कुठे?"

"माशांचा भाव विचारताना कशा बोलता? तसं."

"तसं देवाच्या भाषेत कोण बोलतं गो?" म्हणून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. पण तिकडे भाजीवाल्याशी त्यांना हीच भाषा बोलायची होती, म्हणून आम्ही पुन्हा सुरुवात केली. सूर हळूहळू सुटत गेला. फुल्या कमी झाल्या, तसं मला घरी परतताना जड वाटायला लागलं. त्यांना नीट बोलता येईल तेव्हा त्या जातील, हे मला माहीत होतं. शिकवत होते मीच.

'ऑलवेज' आलं त्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आता तू कर एक."

शेजारचं दार नेहमी उघडं असतं, हे वाक्य ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "आय अ‍ॅम ऑलवेज अ‍ॅट होम."

मराठीत सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "हे काय वाक्य! तुझ्या वयाला शोभेल असं कर काहीतरी." मी दुसरं केलं, पावसाचं की काहीतरी.

त्या गेल्या त्या दिवशी मुलीच्या दिराने मेझुझा काढली. आता चौकटीवर स्क्रूची दोन भोकं आहेत आणि फिकट रंगाची एक पट्टी. दाराला कुलूप आहे. कचरा ठेवायला गेले की मी त्या पट्टीकडे बघते.

मागच्या आठवड्यात त्यांचा व्हॉइस मेसेज आला. भाजीवाल्याशी केलेलं सगळं संभाषण त्यांनी मला म्हणून दाखवलं. सपाट, झरझर, एकही स्वर न लांबवता. शेवटी मराठीत म्हणाल्या, "तुझी शिकवणी कामी आली गो. पण इथे सगळ्यांची दारं बंद असतात."

मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. मग अ‍ॅप उघडून शब्द शोधले, जुळवले आणि रेकॉर्ड केलं: "हा-देलेत शेलाख तामीद पतुखा." तुमचं दार नेहमी उघडं असतं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पाठवलं.

उत्तर लगेच आलं. मागे कुकरची शिट्टी, आणि हसू. "सूर कशाला लावतेस गो, वेडे? गाऊ नकोस. बोल."

दाराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.