गाडीने टाळलेली जागा

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मी इंजिनिअर आहे. काही बिघडलं की आधी कुठली वायर सुटलीय ते बघते. तरी हे लिहितेय... कारण ही एक वायर मला अजून सापडलेली नाही.

१९९९ चा उन्हाळा. भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद, आमच्या घरापुढचं मोठं अंगण. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, मांडव तिथेच पडणार होता. मी कॉलेजचा प्रोजेक्ट घरी आणला होता — बुटाच्या खोक्याएवढी, आपली वाट आपणच शिकणारी गाडी. कशाला धडकली की त्या जागेचे मार्क कमी, ओट्याशी पोचली की जास्त. खात्री नसेल तिथे मुद्दाम जायचं, आपटायचं, शिकायचं.

गाडी छान शिकली. फक्त अंगणातल्या एका मोकळ्या जागेला वळसा घालायची. तिथे सारवलेली सपाट जमीन, बाकी काही नाही! मेमरी पुसून सोडली, तरी तोच वळसा. डिस्प्लेवर पाहिलं तर त्या जागेचे मार्क सगळ्यात कमी... एकदाही तिथे न जाता. मी रडकुंडीला आले.

वडील, म्हणजे अण्णा, ओट्यावरून बघत होते.

"माय, तुझी गाडी तिथं काहून जाऊन न्हाई राह्यली?"

"बिघडलीय, अण्णा."

"बिघडली तर मंग रोज एकाच जागी बिघडती का?"

नेमकी तिथेच बायका-पोरांची पंगत बसायची होती. मंडपवाला आला तेव्हा अण्णांनी त्याला मांडव गोठ्याकडे सरकवायला लावला.

आत्या चिडली. "खेळण्याचं ऐकून मांडव हलवता का, भाऊ? लोक हसतेन!"

"हसू दे. खोटं बोलून गाडीला काय भेटणार हाय?"

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना त्या जागेवर आला आणि मागचं चाक धाडकन खाली गेलं. ड्रायव्हर वाचला. खाली जुनं पेव होतं — धान्य साठवायचा खोल खड्डा, वरून कधीतरी बुजवलेला. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

अण्णा कडेला मटकन बसले. "पोरी बसणार होत्या इथं..." एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना.

कॉलेजातले सर म्हणाले, सेन्सरचा दोष असेल. पण सेन्सर फक्त पुढचं बघायचा, जमिनीखालचं नाही. कारण मला आजही सांगता येत नाही. धडक बसल्याशिवाय एकही मार्क कापायचा नाही, हा नियम मीच माझ्या हाताने लिहिला होता.

मग गाडी जिथे कधी गेलीच नव्हती, त्या जागी धडक कुणाला बसली होती?