आधी गुंफायचं, मग मोकळं करायचं

मी अकोल्याला कॉलेजात गणित शिकवते, घर अमरावतीला. डोकं तापट आहे, हे विद्यार्थीच काय, घरचेही सांगतील. दोन वर्षांपासून मला एका वेगळ्याच संगणकभाषेचं वेड लागलंय. तिच्यात अख्खी यादी एका दमात हलवता येते, एकेका नावामागे धावायचं कामच नाही. दोन याद्या एकाखाली एक ठेवा. अधिकचं चिन्ह दिलं की आडव्या ओळी उभ्या होतात. वरून स्वल्पविराम आणि तिरपी रेघ दिली की सगळं एका ओळीत सपाट: एक इकडचा, एक तिकडचा, पुन्हा एक इकडचा. तीन खुणा फक्त! पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "बरं. मंग?" असल्या माणसाशी काय बोलायचं!

त्या 'मंग'चं उत्तर मला परतवाड्यात मिळालं. तिथल्या एका सभागृहात दरवर्षी फुकट नेत्रतपासणी असते आणि नंबर द्यायला मी बसते. मागल्या वर्षी गावातले लोक सकाळी सातलाच येऊन पुढचे नंबर घेऊन बसले. मेळघाटातून येणाऱ्यांना दहा वाजतात आणि त्यांची जीप तीनला परत सुटते. एक मावशी आपल्या म्हाताऱ्याचा हात धरून तीनपर्यंत बसली आणि तशीच परत गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या साली ये म्हन्ता, पन तवापर्यंत दिसलं तं येईन नं माय!" वर्षभर मला ते खात होतं. यंदा ठरवलंच होतं, मावशी आली तर तपासणी झाल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नाही.

आणि मावशी आली! साडेदहाच्या जीपमधून, तसाच नवऱ्याचा हात धरून. मी टेबलामागून ओरडलेच, "या मावशी, यंदा पाहा कसं पटकन होतं!" लॅपटॉप तयार होता. एक यादी बाहेरगावची, एक परतवाड्याची. बाहेरगावचे लोक एकेकटे येत नाहीत. नवरा-बायको, सासू-सून-नातू असे येतात आणि नावंही एकत्रच सांगतात. म्हणून यादीत मी एकेका घराची नावं एकेका डब्यात ठेवली होती. नंबर काढताना सगळे डबे फोडून नावं सुटी केली, मग ती गाववाल्यांच्या नावांत एकाआड एक गुंफली. मावशीला सतरा, नवऱ्याला एकोणीस. मला कोण आनंद झाला होता!

माइकवर चाचा होते, बाजारात चष्म्याचं दुकान असलेले. सुरुवात झकास झाली. मग एक सासू सुनेशिवाय आत जाईना. एक आई लेकराशिवाय हलेना. रांग तुंबत गेली. सव्वादोनला चाचांनी सतरा नंबर पुकारला. मावशी उठली, तिच्यामागे नवराही उठला.

"आजोबांचा नंबर नंतर आहे. तुम्ही या," मी म्हटलं.

"एकटी नाई जात. संगच जाऊ आमी."

"अहो मावशी, जीप सुटेल तुमची!"

"सुटू दे."

माझं टाळकंच सरकलं. "मग बसा तशाच!" मी खेकसले. चाचांनी माइक बाजूला केला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, लोगां तो ठीक है. आपकी मशीन बयताड हो गई क्या?"

मशीन कशाची वेडी! मीच बयताड. अव माय, काय करून बसले होते मी! डबे आधी फोडले आणि मग गुंफले, म्हणून प्रत्येक घराच्या मधे कोणीतरी परका जाऊन बसला. उलटं करायचं होतं. आधी अख्खे डबे गुंफायचे, एक घर बाहेरचं, एक गावातलं, आणि डबे फोडायचे सगळ्यात शेवटी. भराभर टाइप करायला लागले, आणि मजाही येत होती. झालेल्यांची नावं काढली. याद्यांची लांबी जुळेना म्हणून भाषा अडून बसली, तर आखूड यादीला रिकामे डबे जोडले. सपाट करताना रिकामे डबे आपोआप गळून गेले! एकदा सपाट केलं तर सुटी घरं, दुसऱ्यांदा केलं तर माणसं, आपापल्या घरच्यांना चिकटून बसलेली.

"झालं!" मी खुर्चीवरून उडालेच. नंबर बदलले म्हणून गाववाल्यांनी आरडाओरडा केला, तो चाचांनी माइकवर मराठी, हिंदी, उर्दू तिन्हीत निस्तरला. पहिलाच डबा मावशीचा. दोघं हात धरून आत गेली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी बाहेर जाऊन त्याच्याशीही भांडून आले.

परत आले तर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "आधी आजोबांचं ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे, समोर कोण उभं आहे तेही कळत नाही त्यांना. बाईंचं त्या मानाने बरंच चांगलं आहे."

आजोबांना बाहेर कंपाउंडर तारखेची चिठ्ठी समजावत होता, तेवढ्यात मी मावशीला बाजूला घेतलं. "मावशी, मी तर समजत होते की ते तुम्हाला धरून आणतात!"

"हळू बोल, बाप्पा," ती म्हणाली. "त्यायले बी तसंच वाटते. मले दिसत नाई, मले घेऊन चाला, असं सांगतलं हाय मी त्यायले. नाई तं घरातून निंगले असते का थे?"

मग तिने नवऱ्याच्या हातात हात दिला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अवो, धरा मले. जीप कोठी उभी हाय, मले तं काईच दिसून नाई राहिलं."