टॅबमधली शेजारीण

नर्सिंगचा कोर्स संपवून मी जव्हारच्या एका खाजगी दवाखान्यात लागले. त्याच वर्षी तिथे, परदेशात नोकरी करू इच्छिणाऱ्या नर्सांसाठी जर्मनचा वर्ग निघाला. आम्ही नऊजणी होतो. शिकायचं बहुतेक टॅबवरच्या खेळातून. खेळात एक गाव होतं. तिथल्या दुकानदाराशी, शेजारणीशी बरोबर बोललं की पुढचं दार उघडायचं.

पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरून घेतला. मोबाईलवर खेळता का, हरल्यावर पुन्हा खेळता का, एकटीने अभ्यास जमतो का. माझी उत्तरं वाचून सर म्हणाले, तुम्हीच सगळ्यांच्या पुढे जाल. मला ते पटलं. पोशेरा गावातलं घर सोडून मी भाड्याच्या खोलीत राहत होते, ड्यूटीनंतर बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी टॅब उघडला की ती शेजारीण हाक मारायची. तिच्यासाठी मी लवकर जेवून घ्यायचे. गुणांच्या यादीत मी कायम पहिली.

मोखाड्याची एक ताई कायम शेवटची. तिने कधी गेमच खेळला नव्हता. चुकली की हसायची आणि टॅब बाजूला ठेवून सरांनाच मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये चहा घेणार का विचारायची. मी तिला म्हटलं, आधी नीट पाठ कर, मग बोल.

ती म्हणाली, "मराठी तरी आपण कुठं पाठ केली होती? शाळेत चुकत चुकतच आली ना."

आमच्या दोघींच्याही घरची बोली वेगळी, मराठी शाळेतच भेटली. तिला ती तशी आली होती. मला नाही. शाळेत घरच्या बोलीतला शब्द तोंडून गेला की वर्ग हसायचा, म्हणून मी दोन वर्षं नुसतं ऐकलं आणि खात्री झाल्यावरच तोंड उघडलं.

तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी जर्मनमध्ये विचारलं, तुमच्या शेजारी कोण राहतं? शब्द सगळे येत होते. पण खेळात चार उत्तरं समोर यायची, इथे एकही नव्हतं. शिवाय माझ्या खोलीशेजारी कोण राहतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.  मी नापास झाले.

ताई पास झाली, जर्मनीला गेली. मी पुन्हा वर्गात नाव घातलं आणि सरांना सांगितलं, मला चुकायची भीती वाटते.

"मग रोज दहा मिनिटं माझ्याशी बोला," ते म्हणाले. "चुकलं तरी."

परवा मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं, व्याकरण सगळं चुकवून, की रविवारी मी एसटी डेपोत जाऊन बसते, तिथे माणसं असतात. सरांनी एकही चूक दुरुस्त केली नाही.