भाऊंची लीश

धुळ्याच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो. वारा कसा वाहतो, का वाहतो, हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं. त्या वाऱ्यावर उभं राहता येतं हे मात्र मला भाऊंनी दाखवलं.

भाऊ चोपड्याकडचे. घरची केळीची बाग, पण त्यांचं अर्धं आयुष्य जहाजांवर गेलं. इंजिनरूममध्ये नोकरी करून पन्नाशीनंतर गावी परतले, ते सोबत एक विंग फॉईल घेऊन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातात हवा भरलेला मोठा पंख असतो, पायाखाली फळी, आणि फळीच्या खाली पाण्यात लांब दांडीवर बसवलेलं एक पातं. वेग आला की फळी पाण्यातून वर उचलली जाते आणि माणूस पाण्याला न टेकता जात राहतो. पहूरच्या अलीकडे धरणाचं पाणी पसरलंय, तिथे ते एकटेच जायचे. मी तिथे विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो होतो, तेव्हा ओळख झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मीही एक जुना संच घेतला. साऱ्या खानदेशात आम्ही दोघंच. लोक काठावर मोटारसायकली लावून बघत बसायचे आणि विचारायचे, ह्याला पेट्रोल किती लागतं.

भाऊ शिकवायला कडक होते. फळी आपल्याला ज्या दोरीने बांधलेली असते तिला लीश म्हणतात. फळीची लीश कमरेच्या पट्ट्याला, पंखाची मनगटाला. पाण्यात उतरण्याआधी ते दोन्ही लीश ताणून बघायचे, वळवून बघायचे, जोडाजवळ नखाने खरवडून बघायचे. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "बठ्ठं तपासं का?" सगळं तपासलं, असं मी म्हटलं तरी स्वतः येऊन पुन्हा बघायचे. आमच्याकडचं ऊन प्लास्टिक खाऊन टाकतं, असं त्यांचं म्हणणं. संच गाडीच्या डिकीत ठेवलेला त्यांना चालत नसे.

दुसरा नियम सोबत्याचा. दुसरा पडला आणि उठला नाही तर आपलं खेळणं तिथेच थांबवायचं आणि त्याच्याकडे जायचं. पातं धारदार असतं, म्हणून लांब थांबून आधी आवाज द्यायचा. फळी, पंख, काही वाहून जात असेल तर जाऊ द्यायचं. "आधी मानूस, मंग सामान," एवढंच ते म्हणायचे. बंदरांवर त्यांनी काय काय पाहिलं होतं कोण जाणे. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता, पिकांवर धूळ उडवणारा. आम्ही दोघांनी लीश तपासल्या. माझी त्यांनीही तपासली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मला कितीतरी जणांनी ते विचारलं आणि उत्तर ऐकून सगळ्यांची निराशा झाली. कुठेतरी चूक सापडली असती तर लोकांना बरं वाटलं असतं. मलाही.

मी बराच आत गेलो होतो. वाऱ्याचा झोत आला आणि मी पंखावरच आपटलो. पंखाची शिवण उसवली आणि हवा सुटायला लागली. त्याच हिसक्यात फळीची लीश जोडापाशी नाही, मधेच कुठेतरी तुटली. मी डोकं वर काढलं तेव्हा फळी लाटांवरून दूर चालली होती. मी तिच्या मागे पोहलो आणि थोड्याच वेळात कळलं की ती हाती लागायची नाही. अंगात तरंगायचं जाकीट होतं, पण लाटा तोंडावर येत होत्या आणि प्रत्येक श्वासात पाणी जात होतं. मी बरा पोहणारा नाही.

भाऊ आले. लांबून ओरडले, "मी शे ना. हात वर कर." मी हात वर केला. ते पंख खाली टाकून फळीवर बसले आणि हाताने वल्हवत माझ्याजवळ आले. मला फळीवर पालथं झोपायला सांगितलं. मी मनगटावरचा पट्टा ओढून फुटका पंख सोडून दिला, चढलो, घसरलो, पुन्हा चढलो. ते स्वतः पाण्यात उतरले.

मग त्यांनी कमरेची लीश सोडली आणि माझ्या पट्ट्याला अडकवली.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला?"

"माले पोहता येस. पंख शे माझ्याजवळ, त्याच्यावर तरंगत येतो. तू फळीवरून पडला तर फळी जायला नको." मग शाळेतल्या मुलाला सांगावं तसं म्हणाले, "वाऱ्याशी भांडू नको. आडवा जा. काठ लागेपर्यंत मागे बघू नको."

मी हाताने वल्हवत आडवा गेलो. दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा फळी कमरेला बांधलेली असल्यामुळेच परत हातात आली. त्यांनी सांगितलं होतं तरी मी मागे पाहिलं. त्यांचा केशरी पंख लाटांवर वरखाली होत होता आणि वारा त्याला बुडालेल्या बाभळींकडे नेत होता. धरण होण्याआधी तिथे शेतं होती. पाणी कमी असलं की बाभळींचे शेंडे वर दिसतात, भरलं की पाण्याखाली जातात. त्या दिवशी काही दिसत होते, काही नव्हते.

काठाला लागलो तेव्हा पंख दिसत नव्हता. मी ओल्या अंगाने मासेमारांच्या पालांकडे पळालो. त्यांनी काही न विचारता थर्माकोलचे तराफे पाण्यात ढकलले. मीही चढायला गेलो तर एकाने मला खांद्याला धरून खाली बसवलं. अंधार पडायच्या आत त्यांनी भाऊंना आणलं. पंख काट्यांनी फाटून फांद्यांत गुंतला होता आणि मनगटाची लीश पाण्याखालच्या फांदीला वेढे घेऊन बसली होती. मासेमारांना ती कोयत्याने कापावी लागली. मनगटावरचा पट्टा ओढला की सुटतो. त्यांनी तो ओढला का, हाताला लागला नाही का, की तोवर हातात जोरच उरला नव्हता, हे कोणाला सांगता येत नाही. मी ते खूपदा स्वप्नात पाहिलं आहे. प्रत्येक वेळी तो पट्टा सुटतो, आणि मग मला जाग येते.

दहावं झाल्यावर मी चोपड्याला गेलो. भाऊंच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. ओसरीत त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो. मग त्यांनी विचारलं, "त्यास्नी कमरले दोरी बांधेल नव्हती का? ते तर कधी इसरेत नहीत."

"ती त्यांनी मला बांधली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आत जाऊन चहा घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि मी पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मी निघालो तेव्हा दारापाशी म्हणाल्या, "तुमचा काही दोष नही. पन तुम्हले देखं की माले पानीच दिसस. आते येऊ नका." मी परत गेलो नाही. त्यांनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट मला देता आली.

लोक म्हणाले, त्यांनी तुला जगवलं, त्याचं चीज कर. नव्या लोकांना शिकव, सुरक्षिततेचं सांग. मी प्रयत्न केला. गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका तरुण जोडप्याने कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला. खानदेशात विंग फॉईलला पाणी कुठे आहे, असं विचारत होते. मी म्हटलं, पहूरजवळ धरण आहे, पण तिथे जाऊ नका, आणि गेलातच तर हे करा. बाभळी कुठे आहेत ते सांगितलं, लीशचं सांगितलं, एकमेकांपासून किती लांब जायचं ते सांगितलं. ते हो सर, हो सर म्हणत राहिले. त्यांनी कळवलेल्या दिवशी मला राहवलं नाही. धुळ्याहून जळगाव, तिथून पहूरची बस धरून मी काठावर गेलो.

दोघंही पाण्यावर होते. त्याच्या कमरेला काहीच नव्हतं, तिचंही तसंच. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मी हात हलवून ओरडत राहिलो, पण वारा माझ्याकडेच येत होता. उन्हं कलली तेव्हा ते हसत बाहेर आले.

"लीश?" मी विचारलं.

"पायात येते हो सर ती," तो म्हणाला. "आणि हा काय समुद्र थोडाच आहे?"

मला भाऊंचं सगळं सांगायचं होतं. त्यासाठीच तर आलो होतो. पण ती मुलगी पंखातली हवा काढत होती. मी खाली बसून दुसरं टोक धरलं आणि पंखाची घडी घालायला तिला मदत केली. त्यांनी आभार मानले, गाडीतून जळगावपर्यंत सोडतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मग मी एकटाच फाट्याकडे चालत गेलो आणि बसची वाट पाहत उभा राहिलो.