शाद्ली सल्लामी आणि शाद्ली सल्लामी २

नझीहा स्फाक्स शहरातल्या एका वर्तमानपत्रात संगणक सांभाळते. बाप तेलघाणीवर फिटर होता; काम अर्धं टाकून उठायचं नाही, हे तिने त्याच्याकडून घेतलं. इथे मात्र दुसऱ्यांनी अर्धं टाकलेलं काम रोज तिच्याच गळ्यात पडतं.

मालक राऊफने नवा सर्व्हर आणला आणि तिला न विचारता सगळ्या फाइली त्यावर ओतल्या. सकाळी अंकाची पानं लावणारा म्हातारा सादोक तिच्या दारात उभा. फोटोंवरचे रंग गेले होते.

रंग ही सादोकची जुनी रीत. परीक्षा पास झालेल्यांच्या अभिनंदनाचे फोटो येतात, त्यांना हिरवी खूण. मयताच्या चाळिसाव्याचे, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या स्मरणाचे येतात, त्यांना राखाडी. फोल्डर एकच. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, आणि घरचे मयताचा फोटो देतात तोही ऐन तारुण्यातला. उद्याच्या अंकात शाद्ली सल्लामी दोन होते, वारलेले आजोबा आणि पास झालेला नातू. दुसऱ्या फाइलीच्या नावापुढे नुसता २; कोण कुठला, हे फक्त रंग सांगायचा. चुकलं तर जिवंत पोराचा चाळिसावा छापून येणार.

फाइलच्या नावातच 'मयत' लिहीत जा, हे नझीहाचं किती वेळा सांगून झालं होतं. आज पुन्हा सांगितलं.

"त्या नावाचं पोर घरात जेवतंय, पोरी," सादोक म्हणाला. "त्या नावापुढे मयत लिहू? तू लिही. हात तुझा."

ती कामाला बसली. रंग फोटोच्या आत नसतो. डकवलेल्या चिठ्ठीसारखा फाइलबरोबर फिरतो. अशा चिठ्ठ्या जपून ठेव, असं सर्व्हरला मुद्दाम सांगावं लागतं. तिने ते सेटिंग चालू केलं. एका फोटोला हिरवा लावला, बंद करून उघडला. कोरा. मग कळलं, खालच्या डिस्कलाच चिठ्ठ्यांची मुभा नव्हती. ती देऊन डिस्क पुन्हा जोडायची, तर सगळ्यांचं काम थांबवावं लागलं. राऊफ तणतणत आला, रंगांपायी सर्व्हर बंद ठेवतात का म्हणाला.

"रंगांपायी नाही, सी राऊफ," ती अदबीने म्हणाली. "उद्या सल्लाम्यांच्या घरचे भांडायला येतील, तेव्हा तुम्हीच पुढे व्हाल ना?"

तो आल्या पावली परत गेला.

या वेळी हिरवा टिकला. दुसऱ्या संगणकावरही दिसला. पण जुने रंग ओततानाच सांडले होते, आणि जुना सर्व्हर राऊफने पुसून विकूनही टाकला होता. गेलेले रंग कुठलंच सेटिंग परत आणत नाही.

दुखवट्याच्या घरी असलं विचारणार नाही, म्हणून सादोक अडून बसला. फोन नझीहानेच लावला. म्हाताऱ्या बाईंनी उचलला. या दोन फोटोंतले तुमचे यजमान कोणते, हे तिने जमेल तितक्या हळूपणे विचारलं.

"मिशीवाले."

"दोघांनाही मिशा आहेत, खाला."

"कान पुढे आलेले?"

"दोघांचेही."

पलीकडे बाई बहुतेक हसल्या. "शर्टाची कॉलर बघ. रुंद आहे कुणाची?"

"एकाची आहे. पार खांद्यापर्यंत."

"तो माझा."

नझीहाने राखाडी लावला, सादोकच्या संगणकावर जाऊन तो टिकलाय का ते पाहिलं, आणि पुढच्या घरचा नंबर फिरवला.