पुकार वाचा, पाळकसाहेब

शैला साळव्यांना राग आला की त्यांची तमिळ सुधारते, असं त्यांचे यजमान वसंतराव म्हणतात. एरवी बाई अड्यारच्या भाजीवाल्याशीसुद्धा अडखळत बोलतात. पण कुणी कुणाला फसवताना दिसलं की जीभ अशी सुटते, की भाजीवाला न मागता कढीपत्ता घालतो.

बाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, नेवासे तालुक्यातल्या. रेल्वेच्या हिशेब खात्यातून बदली होऊन चेन्नईला आल्या, वसंतराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात चिकटले, आणि दोघं निवृत्त झाले तरी परत काही गेले नाहीत. नातेवाईक लांब, म्हणून चर्च हेच माहेर. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा मान शैलाबाईंचा. तमिळ पाठ त्या आठवडाभर घोकायच्या, आणि वसंतराव बिचारे इडली खाता खाता तो ऐकायचे.

मंडळीत त्यांना मान मोठा. दुसऱ्या रांगेत जागा, सणाच्या जेवणात पहिलं पान. बाईंना वाटे, आपण राबतो म्हणून. तसं नव्हतं बरं का! चेन्नईत मराठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तंजावरचे राव उभे राहतात, सोवळ्यातले, पिढ्यान्‌पिढ्या इथले. साळवेही त्यातलेच, ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, असं मंडळीनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. हे बाईंना कळलं ते शरण्याच्या लग्नापायी.

शरण्या नर्स. रविवारच्या शाळेत बाईंच्या हाताखाली मुलांना गाणी शिकवायची. तिचं घराणं चर्चच्या मागच्या वस्तीतलं. आजोबांनी चर्चची झाडलोट केली, घंटा वाजवली, आईनं तेच केलं. तिचं सेल्विनशी जमलं. सेल्विन पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि वडील ज्ञानदुरै म्हणजे चर्चचे विश्वस्त, मोठं प्रस्थ. लग्नाआधी तीन रविवार पाळकांनी वधूवरांची नावं भर उपासनेत पुकारायची आणि कुणाची हरकत आहे का विचारायचं, असा नियम. पहिली पुकार झाली. पुढच्या रविवारी पाळक विसरले. त्याच्या पुढच्या रविवारी परत विसरले.

आता उपवासकाळ तोंडावर आलेला. तो लागला की ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्न नाही, आणि ईस्टरआधीच कंपनी सेल्विनला जर्मनीला पाठवणार. म्हणजे दोन रविवार उरले होते, आणि पुकारीही दोनच.

"टीचर, आमची नावं घ्यायला पाळकांची जीभ का अडते?" शरण्यानं विचारलं. पोरीचे डोळे सुजलेले होते.

शैलाबाई तडक पाळकांच्या खोलीत गेल्या. पाळक चष्मा पुसत बसले, मग काच फुटेल इतका पुसत बसले. बाहेर अंगणात मात्र ज्ञानदुरैंनी त्यांना गाठलं आणि अगदी आपलेपणानं बोलले.

"अम्मा, तुम्हाला तरी कळेल. तुम्ही वरच्या घरातली माणसं. ख्रिस्तात सगळे सारखे, खरंच आहे ते. पण सोयरीक करताना घर बघावं लागतं ना? मुलगा एकदा परदेशी गेला की विसरेल. पाळकांना मीच थांबवलंय."

गेल्याच रविवारी या गृहस्थांनी समतेवर असं भाषण ठोकलं होतं की मागच्या बाकांवरच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी रिक्षा केली आणि घर गाठलं.

"अहो, आपण ब्राह्मण आहोत, ठाऊक आहे का?"

"कधीपासून?" वसंतरावांनी पेपर खाली ठेवला.

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. "माझा आजा मांगवाड्यात दोर वळायचा. गावात त्याची सावली चालत नव्हती. एक पाळक येऊन त्याच्या घोंगडीवर बसला, त्याच्या तांब्यातलं पाणी प्यायला, त्या दिवशी आजा ख्रिस्ती झाला. त्या पाण्यासाठी झाला हो! आणि हा मला म्हणतो, तुम्हाला तरी कळेल!"

"मग आता? या वयात वैर घेणार?"

"वैर कसलं? नियमानं पुकार मागणार. आणि हरकत असेल तर तीही नियमानं, सगळ्यांसमोर."

वसंतराव हसले. म्हणाले, "मग रविवारी तुझी तमिळ फर्मास होणार."

रविवारी शैलाबाईंनी शास्त्रपाठ वाचला. एक अक्षर अडलं नाही. वाचून झाल्यावर त्या खाली उतरल्या नाहीत.

"पाळकसाहेब, शरण्या आणि सेल्विनची दुसरी पुकार राहिली आहे. आता वाचा. कुणाची हरकत असेल तर ती इथं उभं राहून सांगायची असते, अंगणात माझ्या कानात नाही. विश्वस्त ज्ञानदुरै अय्यांची हरकत आहे. मी वरच्या घरातली समजून त्यांनी ती मला सांगितली. तर ऐका सगळे. मी मांगाची नात आहे. माझ्या आजाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. गावातल्यांनी लाथाडलं म्हणून आम्ही प्रभूच्या दारात आलो. इथंही तेच असेल तर तसं पाटीवर लिहून बाहेर लावा, म्हणजे माणसं फसायची नाहीत."

पाळक उठले. बाईंना वाटलं, आता आपल्याला गप्प करणार. पण म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि दोन्ही नावं खणखणीत पुकारली. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं, आणि थेट ज्ञानदुरैंकडे बघत थांबले. भलं होवो त्या पाळकांचं, उशिरा का होईना कणा सापडला!

ज्ञानदुरै अर्धवट उठले. सगळी मंडळी बघत होती. त्यांचा स्वतःचा मुलगा गायकवृंदातून बघत होता. ते खाली बसले. सेल्विन मात्र उठला, सगळ्यांसमोरून चालत मागच्या बाकापर्यंत गेला आणि शरण्याच्या आईशेजारी बसला. पाळकांनी पुढच्या रविवारची तिसरी पुकार आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं लग्न दोन्ही एका दमात जाहीर केलं.

मग प्रभुभोजन. तिथं सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावायचे. शैलाबाई पुढे जाऊन गुडघे टेकून बसल्या. त्यांच्या मागोमाग नेहमी ज्ञानदुरै यायचे, इतकी वर्षं, दर खेपेला. आज शेजारची जागा रिकामी राहिली. बाई प्याल्या, उठल्या, जागेवर आल्या.

"बघितलंस?" वसंतराव कुजबुजले. "तो उठलाच नाही."

"बसू द्या," शैलाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तो प्रभूशी खोटं बोलला नाही."