कांतीभाऊंचा शब्द

कांतीभाऊ कोणतीही पिशवी वरून फोडत नसत. बियाण्याची नाही, बिस्किटांचा पुडा नाही, लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा नाही. कामरगावात बसथांब्याच्या पुढे त्यांचं कृषी केंद्र होतं आणि तीसेक वर्षं ते गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आले होते. पिशवीच्या वरच्या शिवणीत टॅग असतो, टॅगवर लॉट नंबर असतो. म्हणून पिशवी खालून उसवायची, टॅग शाबूत ठेवायचा, पावती जपायची. उगवलं नाही तर भांडायला हातात काहीतरी हवं. "वरतून फोडलं का पुरावा गेला," असं ते म्हणत. सांगून सांगून ती सवय त्यांच्या स्वतःच्याच बोटांना लागली होती.

आमची ओळख याच सवयीमुळे झाली. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच आले होते. कुरिअरवाला शाळेपर्यंत येत नसे, पार्सलं कांतीभाऊंच्या दुकानात टाकून जाई. मी माझं पार्सल उचललं आणि उभ्या उभ्या फाडायला लागले.

"मॅडम, थांबा. काहून घाई करता? खालतून फोडा. आन् आदी मोबाइलवर शूटिंग चालू करा. उद्या माल खोटा निंगाला तर काय दाखवसान?"

मी मुकाट्याने ऐकलं. पार्सलात क्रिकेटपटूचं एक कार्ड होतं. लहानपणी च्युइंगमबरोबर मिळत तसलंच, पण ग्रेड केलेलं. म्हणजे एका कंपनीने ते तपासून, दहापैकी गुण देऊन, नंबर छापलेल्या चिठ्ठीसह पारदर्शक डबीत कायमचं बंद केलेलं. अशा कार्डांचा बाजार इंटरनेटवर चालतो. कामरगावात हे कोणाला समजावून सांगायचं, या विचारात मी होते. कांतीभाऊंनी हात धुतले, पुसले, काउंटरखालचा खण ओढला. त्यात तसल्या एकोणीस डब्या होत्या. सगळे यष्टिरक्षक. तरुणपणी ते गावच्या संघात यष्टीमागे उभे राहत. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी होती. "मांगं उभा राह्यला का समदं दिसते," हे त्यांचं आणखी एक वाक्य. आठवीतल्या मुलींपासून आमदारापर्यंत ते कोणालाही ऐकवत.

माणूस तसा हट्टी. जैन असल्यामुळे दुकानात कीटकनाशक ठेवायचे नाहीत. कोणी मागितलं तर शांतपणे सांगायचे, "थे पुढच्या दुकानात भेटते." गिऱ्हाईक तिकडे गेलं की बियाणंही तिकडूनच घेईल, असं त्यांचा मुलगा नितीन कुरकुरायचा. तसं फारसं होत नसे. लोक औषध तिकडून घेत आणि बियाण्याला परत इकडे येत. कोणतं वाण घ्यायचं हे विचारायचीही पद्धत नव्हती. कांतीभाऊंनी पिशवीवर हात ठेवून "न्या" म्हटलं की ती खांद्यावर जायची. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

कार्डांची खरेदी त्यांनी मला बियाण्याच्या हिशेबाने शिकवली. विकणाऱ्याचा फोटो दुसरीकडून उचललेला असू शकतो, तेव्हा कार्डाशेजारी आजचा पेपर ठेवून नवा फोटो मागवायचा. "पाठवते तो खरा, रागावते तो खोटा." डबीच्या कडा पाहायच्या; तिथे पांढुरकं दिसलं तर कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवली आहे. डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून चित्र जुळवायचं. साइट सोडून परस्पर पैसे मागणाऱ्याचा नाद सोडायचा. "मोटरसायकलवर बियानं इकत फिरते, त्याच्यापासून कोनी घेते काय?" आणि फार स्वस्त दिसलं तर दोनदा विचार. दोन वर्षांत त्यांनी मला चार-पाच वेळा तरी वाचवलं. एकदा तर चिठ्ठीवरच्या अक्षरांची जाडी पाहून त्यांनी डबी खोटी ठरवली, आणि ती खोटीच होती.

मला हवं होतं ते एकच कार्ड. एका परदेशी महिला वेगवान गोलंदाजाचं, तिच्या पहिल्या वर्षाचं. मी विद्यापीठाकडून गोलंदाजी करायचे तेव्हा वसतिगृहाच्या भिंतीवर तिचा फोटो होता. ते कार्ड क्वचितच विकायला येतं. एका संध्याकाळी ते दिसलं. पेपराबरोबरचा फोटो आला, कडा स्वच्छ, नंबर जुळला. फक्त एक गोष्ट मला खटकली. दुसऱ्या एका साइटवर तेच कार्ड होतं आणि डबीवरचा नंबरही तोच होता. मी दोन्ही फोटो कांतीभाऊंपुढे धरले.

"लॉट असंन, मॅडम," ते म्हणाले. "एका लॉटच्या हजार पिशव्या राह्यतेत. समद्यावर एकच नंबर."

"नक्की?"

"घ्या तुमी. माहा शब्द हाये."

मी विज्ञान शिकवते; एक साधा प्रश्न कंपनीला विचारता आला असता. विचारला नाही, कारण सांगणारे कांतीभाऊ होते.

कार्डाचं पार्सल आलं, आम्ही ते खालून फोडलं, शूटिंगही केलं. तीन महिन्यांनी मी संग्राहकांच्या एका गटात त्याचा फोटो टाकला. पुण्याच्या एका गृहस्थांनी लगेच कळवलं की हा नंबर त्यांच्याकडच्या कार्डाचा आहे, आणि आपल्या डबीचा फोटोही पाठवला. मग मी कंपनीला विचारलं. उत्तर एका ओळीचं होतं : एक नंबर, एकच कार्ड. माझ्याकडचं बनावट होतं, खऱ्याचा नंबर चोरलेलं. तक्रारीची मुदत संपली होती आणि विकणारा साइटवरून गायब झाला होता.

कांतीभाऊंना सांगायला मी दोन दिवस लावले. त्यांनी भिंगातून कार्ड बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे इथं लॉट नसते?"

"नाही."

"दोन्ही फोटो तुमी मले दाखोले व्हते."

"जाऊ द्या ना, भाऊ."

"पाह्यले व्हते म्या," ते म्हणाले आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला त्यांचा राग आला नव्हता असं नाही. पण त्यांच्याकडे पाहून तो बोलून दाखवायची इच्छा गेली.

दोन दिवसांनी ते कार्ड त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल असं खिळ्याला टांगलं. खाली पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : हे कार्ड खोटं आहे. मी खरं आहे म्हणून सांगितलं होतं.

नितीन हादरला. "पप्पा, लोक बियान्यावर शंका घेतीन." मीही त्याच्याच बाजूने बोलले. माझं नुकसान मी सोसायला तयार होते, मग ही शोभा कशाला?

"घेऊ द्या शंका," कांतीभाऊ म्हणाले. "माह्या शब्दावर लोक पेरनी करतेत. तो शब्द चुकू शकते, हे त्यायले मालूम पायजे. मले तरी कुठं मालूम व्हतं?"

नितीनचं खरं ठरलं. पेरणीच्या आधी धनजकडचे एक जुने गिऱ्हाईक, वानखडेकाका, पुठ्ठा वाचून म्हणाले, "भाऊ, तुमीच फसले तर आमी कोनाच्या भरोशावर न्याव?"

"कोनाच्याच नाई," कांतीभाऊ म्हणाले. काका नेणार होते त्या लॉटची एक पिशवी त्यांनी खालून उसवली, सोयाबीनचे शंभर दाणे मोजून कागदात बांधले. "वल्ल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर या. नाई उगवले तर मले सांगाले या."

वानखडेकाका आले. पण पुष्कळ जण पुढच्या दुकानात गेले, कारण तिथे अजून शब्द मिळत होता. कांतीभाऊ तो सबंध हंगाम रिकाम्या काउंटरमागे दाण्यांच्या पुड्या बांधत बसलेले मी पाहिले. त्यांनी खण उघडून ते यष्टिरक्षक मला पुन्हा कधी दाखवले नाहीत. होळीच्या सुमारास ते गेले. झोपेतच, काही त्रास न होता.

यंदा मे महिन्यात मी पार्सल आणायला गेले तर दुकानात दाटी होती. नितीन पुड्या बांधत होता. एक तरुण शेतकरी ओलं पोतं काउंटरवर उलगडून मोड मोजत होता, बाकीचे वाकून त्याच्याबरोबर मोजत होते. एक्याऐंशी भरले. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले, मग चार पिशव्या घेतल्या. नितीन "न्या" म्हणाला नाही आणि शेतकऱ्यानेही त्याचा शब्द मागितला नाही. आता तिथे कोणीच कोणाच्या शब्दावर काही नेत नाही. हे लोकांना कांतीभाऊंनीच शिकवलं. आणि तरी मला वाटतं, हे पाहून त्यांना वाईट वाटलं असतं.